लंडनचे वार्तापत्र : शेवटच्या आजाराचा बंदोबस्त

लंडन, उपवासकाळ.

सेंट पॉलच्या कॅथीड्रलमध्ये गायनमंडपाच्या दक्षिणेकडील वाटेत कफन पांघरून उभ्या असलेल्या एका पुरुषाचा संगमरवरी पुतळा आहे. घुमटाकडे माना उंचावून हिंडणाऱ्या प्रवाशांपैकी फारच थोडे त्याच्यापाशी थांबतात. हा पुतळा १६२१ पासून या कॅथीड्रलचे डीन असलेले कवी जॉन डन यांचा. आपला अंत जवळ आला हे उमजल्यावर डनसाहेबांनी अंगाभोवती कफन गुंडाळून आणि डोळे मिटून चित्रकाराकडून स्वतःची आकृती काढवून घेतली, ती अखेरच्या दिवसांत बिछान्याशेजारी ठेवली, आणि १६३१ च्या मार्चमध्ये त्यांनी देह ठेवल्यावर तिच्याच आधारे निकोलस स्टोन या शिल्पकाराने हा पुतळा घडविला. १६६६ च्या आगीत जुने कॅथीड्रल भस्मसात झाले, तरी पुतळा वाचला. पायाखालच्या कलशावरील होरपळीचे डाग अजून दिसतात. आपल्याकडील वाचकाला हा सगळाच प्रकार अभद्र वाटेल, आणि खरे सांगायचे तर आजच्या इंग्रजालाही तो तसाच वाटतो. परंतु ज्या समाजात तो घडला त्या समाजाच्या दृष्टीने मरणाची आगाऊ तयारी हे कर्तव्यच होते.

या तयारीचा दाखला पाहायचा असेल तर इंग्लिश चर्चचे १६६२ चे प्रार्थनापुस्तक उघडावे. त्यात वादळ, रोगराई, दुष्काळ आणि लढाई यांच्या जोडीने आणखी एका संकटातून सोडविण्याविषयी देवाला विनविले आहे, आणि ते संकट म्हणजे अकस्मात येणारा मृत्यू. आपल्या घरांतील वृद्ध मंडळी दिवेलागणीला हात जोडून जे मागतात ते याच्या नेमके उलटे. झोपेतच बोलावणे यावे, कोणाला उसाबर करावी लागू नये, चालताबोलता डोळा मिटावा, एवढी त्यांची मागणी असते, आणि असे कोणाला लाभले तर चार लोक त्याला पुण्यवान म्हणतात. ख्रिस्ती परंपरेला मात्र मरणापूर्वी अवधी हवा असतो, कारण पापांची कबुली द्यायची, ज्यांच्याशी बिनसले त्यांची क्षमा मागायची आणि त्यांना क्षमा करायची, हे सारे शुद्धीवर असतानाच करावे लागते. याच पुस्तकातील आजाऱ्याच्या भेटीचा विधी तर कमालीचा व्यवहारी आहे. रुग्णाने मृत्युपत्र केले नसेल तर ते करण्याविषयी, आणि आपले देणे किती व येणे किती हे स्पष्ट सांगून टाकण्याविषयी पाद्रीसाहेबांनी त्याला बजावावे, असा त्यात हुकूमच आहे. परलोकाच्या वाटेवरील माणसाला जमाखर्च पुरा करायला लावणारे हे धर्मशास्त्र मला तरी आवडले.

तथापि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा शिरस्ता इंग्लंडात जवळजवळ बुडाला होता. माणसे घरी मरायची ती रुग्णालयांत मरू लागली, कर्करोगाचे नाव रुग्णापासून लपविणे हा सभ्यपणा ठरला, आणि ज्याच्यासाठी करण्यासारखे काही उरले नाही त्याच्या खाटेपाशी डॉक्टरांची पावले झपाझप पडू लागली. रविवारी चर्चमध्ये पुनरुत्थानाचे प्रवचन ऐकणारा डॉक्टर सोमवारी त्या खाटेपाशी दोन मिनिटे उभा राहायला धजत नसे.

ही स्थिती बदलण्याचे श्रेय मुख्यत्वे एका बाईंना आहे. सिसिली साँडर्स या आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. १९४५ मध्ये त्यांची ख्रिस्तावर श्रद्धा बसली. पुढे त्यांच्याकडे देखरेखीसाठी आलेल्या रुग्णांत वॉर्सातून परागंदा झालेला डेव्हिड टास्मा नावाचा एक पोलिश ज्यू होता. कर्करोगाने जर्जर झालेल्या आणि लंडनात सखासोबती नसलेल्या या तरुणाशी त्यांचा गाढ स्नेह जमला, आणि मरणाऱ्यांना शांतपणे मरता येईल अशी एखादी जागा असावी, हे दोघांचे बोलणे त्याच्या बिछान्याशीच झाले. १९४८ च्या आरंभी तो वारला तेव्हा त्याने साँडर्सबाईंच्या नावे पाचशे पौंड ठेवले आणि तुमच्या त्या घरातली एक खिडकी माझी समजा, असे सांगून ठेवले. त्या खिडकीभोवती भिंती उभ्या राहायला एकोणीस वर्षे लागली. मधल्या काळात, मरणाऱ्यांना डॉक्टरच टाकून जातात, तेव्हा काही करायचे तर डॉक्टरच व्हा, या एका शल्यविशारदाच्या सल्ल्यावरून बाई वयाच्या तिशीनंतर वैद्यक शिकायला बसल्या आणि १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी रोममध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना, वेदना शमविण्यासाठी दिलेल्या औषधाने आयुष्य काहीसे आखूड होण्याचा संभव असला तरी हेतू वेदनाशमनाचाच असेल तर ते देणे धर्मबाह्य नाही, असा निर्वाळा दिला होता.

पूर्व लंडनमधील हॅक्नी भागात आयरिश जोगिणींनी १९०५ पासून चालविलेल्या सेंट जोसेफ नावाच्या सेवागृहात साँडर्सबाई १९५८ पासून काम करू लागल्या, आणि तेथे त्यांनी जे केले ते ऐकायला अगदी साधे आहे. त्या काळी मॉर्फिन द्यायचे ते रुग्ण वेदनेने विव्हळू लागल्यावर, आणि तेही हात आखडून, कारण त्याची चटक लागेल ही धास्ती. वेदना डोके वर काढण्यापूर्वीच, घड्याळ लावून, ठराविक तासांनी तोंडावाटे औषध द्यावे, हा पाठ त्यांनी आधी बेझवॉटरच्या सेंट ल्यूक रुग्णालयात पाहिला होता. सेंट जोसेफमध्ये त्यांनी तो काटेकोर नोंदी ठेवून सिद्ध केला. रुग्ण गुंगीत पडून न राहता बोलू लागले, पत्रे लिहू लागले. शरीराच्या दुखण्याला मनाचे, कुटुंबाचे, पैशाच्या विवंचनेचे आणि देवाविषयीच्या शंकेचे दुखणे चिकटलेले असते, आणि यांतले एक सोडून दुसरे बरे करता येत नाही, हा त्यांचा सिद्धांत आज जगभर शिकविला जातो. १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनहॅम येथे सेंट क्रिस्टोफर हॉस्पिस, म्हणजे मरणासन्नांसाठीचे सेवागृह, उघडले. सेंट क्रिस्टोफर हा प्रवाशांचा पालक संत. टास्माची खिडकी तेथे आहे. दोन वर्षांत या संस्थेच्या परिचारिका घरोघरही जाऊ लागल्या, आणि २००५ च्या जुलैमध्ये साँडर्सबाईंनी देह ठेवला तोही याच वास्तूत.

आता यात ख्रिस्ती ते काय, असे कोणी विचारील. वेदना शमविणे हा काही एका धर्माचा मक्ता नाही, आणि सेंट क्रिस्टोफरचे दार पहिल्यापासून सर्वधर्मीयांना, तसेच देव न मानणाऱ्यांनाही खुले आहे. तरीही मुळाशी एक विशिष्ट धारणा आहे, आणि ती आपल्या कानांना सहसा परिचित नसते. जीर्ण वस्त्र टाकून नवे घ्यावे तसे देहांतर, हे गीतेचे आश्वासन आपल्या हाडीमांसी खिळले आहे. आळंदीला ज्ञानोबामाउलींनी स्वेच्छेने समाधी घेतली त्या प्रसंगाकडे आपण सोहळा म्हणून पाहतो. ख्रिस्ती ग्रंथांना मरणाशी इतकी सलगी नाही. प्रेषित पौल मरणाला शत्रू म्हणतो, सर्वांत शेवटी नष्ट होणारा शत्रू. खुद्द येशू वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमानेच्या बागेत धीरोदात्तपणे बसून राहिलेला नाही. तो व्याकूळ झाला आहे, हा प्याला टळावा म्हणून पित्याला विनवीत आहे, आणि शिष्यांनी आपल्याबरोबर जागे राहावे एवढेच त्यांच्याकडे मागत आहे. शिष्य झोपी गेले. साँडर्सबाईंनी १९६५ मध्ये आपल्या भावी संस्थेचा पाया समजावून सांगताना हाच प्रसंग घेतला. दुःखाचे कारण उलगडून सांगता येत नाही, मरणही टाळता येत नाही, परंतु जागे राहता येते, असा त्यांचा अर्थ होता. आणि ज्या धर्मात मृत देहाचेच पुनरुत्थान व्हायचे असते, त्या धर्मात देहाची हेळसांड करून आत्म्याचे समाधान शोधता येत नाही. म्हणून येथे सांत्वनाच्या शब्दांपूर्वी औषधाचा पेला येतो. वेदना ही ईश्वरी देणगी समजून मुकाट्याने सोसावी, असे सांगणारे ख्रिस्ती उपदेशकही होऊन गेले. साँडर्सबाईंनी त्यांच्याशी वाद घातला नाही, रुग्णाचे दुखणे थांबविले.

आजचा इंग्रज चर्चमध्ये फारसा जात नाही. मात्र त्याच्या गावच्या बाजारपेठेत हॉस्पिसच्या नावाचे जुन्या कपड्यांचे, पुस्तकांचे आणि कपबशांचे दुकान बहुधा असतेच, आणि तेथे तो आपल्या दिवंगत आईचे कोट नेऊन देतो. प्रौढांच्या हॉस्पिसांना सरकारी तिजोरीतून मिळते ते ढोबळ मानाने खर्चाच्या एकतृतीयांश. बाकीची तजवीज ही दुकाने, देणग्या, मृत्युपत्रांतील रकमा आणि धावण्याच्या शर्यती यांतून होते. जन्माचा सगळा खर्च सरकारने उचलावा आणि मरणाचा जुन्या कपड्यांच्या विक्रीवर सोडावा, हा न्याय मला समजलेला नाही.

मरणाऱ्यांची सोय कशी करावी हा प्रश्न ऐरणीवर आला तो एका विधेयकामुळे. ज्याची आयुर्मर्यादा सहा महिन्यांहून अधिक नाही अशा प्रौढ रुग्णाला स्वेच्छेने आयुष्य संपविण्यासाठी वैद्यकीय साहाय्य घेता यावे, अशी तरतूद असलेले हे विधेयक लोकसभागृहात २०२४ च्या नोव्हेंबरात ३३० विरुद्ध २७५ मतांनी पुढे सरकले आणि २०२५ च्या जूनमध्ये ३१४ विरुद्ध २९१ मतांनी संमत होऊन उमरावांच्या सभागृहाकडे गेले. मताधिक्य घटले हे वाचकांच्या ध्यानात येईलच. इंग्लिश चर्चच्या धुरिणांचा विधेयकाला विरोध आहे, आणि त्यांत कँटरबरीच्या आर्चबिशपपदी २०२५ मध्ये नेमणूक झालेल्या सेरा मुलाली या पूर्वाश्रमी कर्करोगाच्या रुग्णांची शुश्रूषा केलेल्या परिचारिका आहेत, ही गोष्ट योगायोगाची असली तरी महत्त्वाची आहे. उलट त्यांच्याच एका पूर्वाधिकाऱ्याने, लॉर्ड केरी यांनी, अशा कायद्याला पाठिंबा दिला आहे. म्हणजे ख्रिस्ती मत एकमुखी नाही. साँडर्सबाई हयातभर अशा कायद्याच्या विरोधात होत्या. मला मरू द्या, असे म्हणणाऱ्या पुष्कळांची वेदना थांबली की ते म्हणणेही थांबते, हा त्यांचा अनुभव होता. सर्वांचे थांबत नाही, हेही येथील डॉक्टर मोकळेपणाने सांगतात, आणि त्या उरलेल्यांना काय उत्तर द्यावे याविषयी बिशपमंडळींचे बोलणे मला पुरेसे वाटले नाही.

साँडर्सबाईंच्या कार्याचे लोण आपल्याकडे पोहोचून बराच काळ लोटला. मुंबईत वांद्र्याला, माउंट मेरीच्या टेकडीवर, १९८६ पासून शांती आवेदना सदन चालू आहे, आणि त्याची शाखा गोव्यातही आहे. पण चारदोन संस्थांनी एवढ्या मोठ्या मुलखाचे भागत नाही. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते ती सरकारी परवान्याने आपल्याच मंदसोर-नीमचच्या शेतांत पिकते, आणि तरीही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांचा असा जाच निर्माण केला की बहुतेक रुग्णालयांनी हे औषध ठेवणेच सोडून दिले. २०१४ च्या दुरुस्तीने तो जाच पुष्कळ कमी झाला आहे. तेव्हा हे पत्र वाचणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की आपल्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात की नाही याची एकदा चौकशी करावी, आणि मिळत नसतील तर तेथील अधिकाऱ्यांना त्याचे कारण लेखी विचारावे.