मोदकाचे पोट आणि चारचा आकडा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. मुले लाकडी बैल सजवून आणतात. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली, असे सांगितले जाते. आमच्या वस्तीतल्या तान्ह्या पोळ्याची सूचना एकदा मी तयार केली. मुलांचा सण, तेव्हा अक्षरही खेळकर हवे, म्हणून सगळा मजकूर ‘मोदक’ या फॉन्टमध्ये लावला. वेळ होती ४ ची. झेरॉक्सवर तो आकडा काहींना ५ वाटला. बक्षिसे वाटून झाल्यावर एक मुलगा झूल घातलेला बैल ओढत आला. चूक माझीच होती. त्यानंतर मी हे अक्षर नीट पाहू लागलो.

‘मोदक’ हा सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा फॉन्ट, ‘एक टाइप’ या मुंबईच्या संस्थेचा. हाताने रेखाटलेल्या गुबगुबीत अक्षरांपासून त्याची सुरुवात झाली. तो मुक्त परवान्याचा असल्याने कोणालाही विनामूल्य वापरता येतो. यात रेघ इतकी फुगते, की अक्षराच्या पोटातली पोकळी बारीक फटीएवढीच उरते. त्याची सारी गंमत या फुगण्यात आहे.

पण देवनागरीत अर्थ अनेकदा त्या फटीतच असतो. ‘व’ आणि ‘ब’ यांत फरक पोटातल्या एका तिरक्या रेघेचा. ‘प’ आणि ‘ष’ यांचेही तसेच. ‘घ’ आणि ‘ध’ यांना वेगळे करण्यात शिरोरेषेतला खंड मोठे काम करतो. अक्षर मोठे असले की हे सारे दिसते. लहान केले की फटीत शाई भरते.

शिवाय शब्द ओळखीचा असला, की त्या ओळखीच्या आधाराने आपण तो सहज वाचतो. ‘गणपती बाप्पा मोरया’ कितीही फुगवा, वाचले जाते. तारीख, वेळ, फोन नंबर यांना असा आधार नसतो. तिथे प्रत्येक आकडा सुटा वाचावा लागतो. म्हणून मंडळाचा फलक, बालपुस्तकाचे मुखपृष्ठ, गोळ्याची गाडी इथे मोदक शोभतो. सलग मजकुरासाठी याच संस्थेचा साधा ‘मुक्त’ बरा.

प्रसंगही पाहावा लागतो. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी निघणाऱ्या मारबत मिरवणुकीत बडग्यांवरच्या पाट्या जाब विचारतात. तो जाब मोदकात लिहिला, तर त्याची धार जाईल. शोकसभेच्या पत्रकाबद्दल तर बोलायलाच नको.

पुढच्या वर्षी ‘तान्हा पोळा’ हे दोनच शब्द मी मोदकात घेतले, वीतभर उंचीचे. खाली दिवस, ठिकाण आणि वेळ ‘मुक्त’मध्ये. आकड्याशेजारी अक्षरीही लिहिले : दुपारी चार.