कोलकात्यातील आमची दिवाळी

सरकारी नोकरीत बदली ही ठरलेलीच. हुकूम हाती पडतो, सामान मागाहून येते, मुलांची शाळा बदलते, डबे नव्या फळ्यांवर लागतात. सणांनाही नव्या गावी बिऱ्हाड थाटावे लागते, हे मात्र हुकुमात लिहिलेले नसते. आम्ही मुंबईहून कोलकात्यास आलो, त्या वर्षीच्या दिवाळीत हे माझ्या प्रथम ध्यानात आले.

पहिली अडचण आली ती घड्याळाची. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वी व्हावे, असा आपला दंडक. मुंबईस आम्ही पाचाला उठत असू आणि सारे वेळेवर आटोपत असे. येथेही पाचाचा गजर लावला. पाहतो तो पूर्वेस तांबडे फुटू लागलेले! पाणी तापून धाकट्याच्या अंगाला उटणे लागेपर्यंत गच्चीवर ऊन आले. कारण उघड आहे. मुंबई सुमारे ७३ अंश पूर्व रेखांशावर, तर कोलकाता सुमारे ८८ अंशांवर. या १५ अंशांचे अंतर सूर्याच्या हिशेबी एका तासाचे होते. घड्याळ साऱ्या देशाचे एक, सूर्य मात्र ज्याच्या त्याच्या गावचा. तेव्हापासून आम्ही चारला उठतो. पायाखाली फोडावयास कारीट मिळत नाही. बाजारात ‘उच्छे’ नावाची लहान कारली मिळतात, त्यांवर आमचा नरकासुर भागवून घेतो.

दुसरी अडचण तिथीची. आपले लक्ष्मीपूजन आणि बंगालची कालीपूजा अमावास्या एकच धरून चालतात. पण आपली पूजा प्रदोषकाळची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, तर कालीची मध्यरात्रीची. म्हणून कधी कधी वारही वेगळा पडतो. २०२४ साली अमावास्या ३१ ऑक्टोबरच्या दुपारी लागली आणि १ नोव्हेंबरच्या सायंकाळी संपली. तिच्या वाट्यास मध्यरात्र एकच आली, ती ३१ तारखेची. त्या रात्री कालीपूजा झाली. महाराष्ट्रातील पंचांगांनी लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी दिले. शेजारचे दिवे विझल्यावर आमचे लागले. दोन्ही घरे शास्त्राला धरूनच होती.

बंगालमध्ये लक्ष्मीचा मोठा दिवस म्हणजे पंधरा दिवस आधीची कोजागरी पौर्णिमा. आपण ज्या रात्री मसाल्याचे दूध पितो, त्या रात्री येथे दारापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाने लक्ष्मीची पावले उमटतात. तथापि थोडे खोल पाहिले की दोन्हीकडचे मूळ जवळ येते. ज्या चतुर्दशीला आपण पहाटे न्हातो, त्याच तिथीस बंगाली घरांत चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात व संध्याकाळी चौदा पणत्या लावतात. त्या चौदा पिढ्यांच्या पूर्वजांसाठी, असे सांगतात. आपणही धनत्रयोदशीस दक्षिणेकडे तोंड करून यमदीप ठेवतोच. मेलेल्यांची आठवण दोन्हीकडे दिव्यांच्या आत आहे. आपल्याकडे ती फराळाच्या गडबडीत थोडी मागे पडली, इतकेच.

खरी कसोटी लागली ती किल्ल्यापाशी. दिवाळीत मातीचा किल्ला करावा, ही आपल्या मुलांची रीत येथे कोणास ठाऊक नाही. माती मात्र उत्तम. मूर्तिकारांच्या कुमारटुलीस गंगेच्या मातीचा काय तोटा! मुलांनी गच्चीवर बुरूज उभारले, अळीव पेरले, वर महाराजांना बसविले. शेजारच्या वृद्ध आजीबाई कौतुकाने पाहावयास आल्या आणि सहज हसून म्हणाल्या, “अगोबाई, हा तर बर्गींचा किल्ला!”

त्या रात्री मुलाने विचारले, “बाबा, आपण बर्गी का?”

‘बर्गी’ हा आपल्या ‘बारगीर’ शब्दाचाच अवतार. सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार तो बारगीर. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून येत होत्या. त्यांनी गावे लुटली, जाळली. त्यांच्या धाकाने १७४२ साली कोलकात्याभोवती ‘मराठा खंदक’ खणावयास घेतला गेला. येथे आया मुलांना निजविताना आजही बर्गी आल्याचे गातात. हे मुलापासून लपवावे, असे क्षणभर वाटले. पण परमुलखात राहणाऱ्याने आपल्या सणाबरोबर आपला हिशेबही सोबत बाळगावा. मी त्याला सारे सांगितले. महाराज १६८० मध्ये निवर्तले, आणि या स्वाऱ्या त्यानंतर साठ वर्षांनी झाल्या. तथापि त्या केल्या त्या मराठ्यांनीच, हेही सांगितले.

आणि पुढचेही सांगितले. देवघरजवळ वाढलेले सखाराम गणेश देउस्कर हे मराठी कुळातले. त्यांनी बंगालीत लिहिले. त्यांच्या शिवाजीवरील पुस्तिकेसाठी १९०४ साली रवींद्रनाथांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही कविता लिहिली. १९०६ साली लोकमान्य टिळक याच शहरी शिवाजी-उत्सवास आले. ज्या प्रांताने मराठ्यांच्या भयाने खंदक खणला, त्यानेच दीडशे वर्षांनी मराठ्यांच्या राजाचा उत्सव केला. मुलाने विचारले, “मग आजींना राग नाही ना आला?” मी म्हणालो, “तूच विचार.”

त्याने सकाळी खरोखरच विचारले. आजीबाई पुष्कळ वेळ हसल्या. मग म्हणाल्या, त्यांच्या आजीने त्यांना बर्गींच्या धाकानेच निजविले, पण त्यांना स्वतःला बर्गी पाहावयास मिळाला तो आजच, आणि तोही लाडू खाणारा.

माझी बहीण साताऱ्यास असते. भाऊबीजेस तिचा नुसता दूरध्वनी आला. दुपारी आजीबाईंची कन्या भावांना ‘फोटा’ देण्यास माहेरी आली होती. आजीबाईंनी मलाही बोलावून त्यांच्या रांगेत बसविले. तिने डाव्या करंगळीने माझ्या कपाळी चंदन लावले आणि डोक्यावर दूर्वा व धान ठेवले. यमाने भावाकडे पाहू नये, हाच त्यातला भाव. मी सवयीने ओवाळणी ताटात टाकली, तेव्हा आरती कोठे आहे हे ध्यानात येऊन सारेच हसलो.

आता दर वर्षी किल्ला होतो. चतुर्दशीच्या सायंकाळी आजीबाई आपल्या पणत्या मांडतात, तेव्हा एक आमच्या किल्ल्याच्या दाराशी ठेवून जातात. ती कोणासाठी, हे मी त्यांना विचारलेले नाही.