पहिल्या पावसाचे पाणी कुठे जाते?

पावसाळा तोंडावर आला की या सदरात गॅस्ट्रो, कावीळ आणि हिवताप यांच्याविषयी लिहायचे, असा माझा दरवर्षीचा रिवाज आहे. ‘पाणी उकळून प्या’ हे वाक्य तर वाचकांना आता पाठ झाले असेल. यंदा मात्र जे उकळून काहीच उपयोग होत नाही अशा पाण्याविषयी लिहायचे आहे. ते म्हणजे कारखाने, गॅरेज आणि भंगाराच्या आवारांतून वाहून येणारे पावसाचे पाणी.

कारखान्याचे प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धुराडे आणि सांडपाण्याचा पाइप येतो. आवाराकडे कोणाचे लक्ष जात नाही. दसऱ्यापासून मेअखेरपर्यंत तिथे सांडलेले तेल, रंगाची भुकटी, गंजलेली पिंपे, फुटक्या बॅटऱ्या, लोखंडाचा कीस, राख, प्लेटिंगच्या टाकीतून उपसलेला गाळ असे काय काय साचत असते. पहिल्या दोन-चार सरींत हे सारे धुऊन निघते. सांडपाण्यासाठी निदान शुद्धीकरणाची यंत्रणा असते. पावसाच्या नालीला ती नसते. नाली ओढ्याला मिळते, ओढा नदीला मिळतो आणि वाटेतले पाणी जवळच्या विहिरींत व बोअरमध्ये मुरते.

हे पाणी किती असते? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. म्हणजे एका एकराच्या आवारात २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर सुमारे एक लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे दहा टँकर भरतील एवढे!

शरीरावर काय परिणाम होतो?

या पाण्यातून काय येते, हे त्या आवारात काय पडले आहे यावर अवलंबून असते. आपल्याकडे विशेष काळजी घ्यावी असे दोन धातू आहेत.

पहिला धातू शिसे. जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या जागेवरून ते गाळाबरोबर वाहत येते आणि मुले खेळतात त्या मातीत उतरते. पोटात कळ येणे, बद्धकोष्ठता, रक्त कमी होणे, चिडचिड, अभ्यासात मागे पडणे ही त्याची लक्षणे. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक, असे म्हणता येत नाही. मूल फिकट दिसते आणि पोट दुखते म्हणून पालक जंताचे औषध मागतात. अशा वेळी घराजवळ किंवा घरातच बॅटरीचा धंदा आहे का, हे मी आवर्जून विचारतो. तसे असल्यास रक्तातील शिशाची तपासणी करून घ्यावी लागते.

दुसरा धातू क्रोमियम. प्लेटिंग, चामडे कमावणे आणि काही रंग यांच्याशी त्याचा संबंध येतो. त्याच्या विषारी प्रकाराने कामगारांच्या हातांवर लवकर न भरणाऱ्या जखमा होतात, तर काहींच्या नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडते. श्वासावाटे गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेले आहे. पिण्याच्या पाण्यातूनही धोका असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

तामिळनाडूतील राणीपेटचे उदाहरण सर्वांनी लक्षात ठेवावे असे आहे. तिथला क्रोमियमची रसायने बनवणारा कारखाना १९९०च्या दशकात बंद पडला. मागे दीड लाख टनांहून अधिक कचऱ्याचा ढीग उघड्यावर राहिला. धुराडे थांबले, पण पाऊस थांबला नाही. ढिगातून पिवळे होऊन निघालेले पाणी जमिनीत मुरत गेले आणि परिसरातील भूजल दूषित झाले.

उकळणे, तुरटी, क्लोरिन

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. उकळल्याने जंतू मरतात, धातू नाहीत. उलट पाणी आटते आणि उरलेल्या पाण्यात धातूचे प्रमाण वाढते. क्लोरिनचे थेंब हे जंतूंवरचे औषध आहे. तुरटीने गाळ बसतो, पण विरघळलेल्या धातूंसाठी तिच्यावर भरवसा ठेवू नये. म्हणून हे पाणी घरात आल्यावर उपाय शोधण्यापेक्षा ते आवारातच अडवणे शहाणपणाचे.

छपराची किंमत

अमेरिकेने या प्रश्नाचा वेगळा विचार केला. १९८७ मध्ये तिथल्या जलप्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि १९९० च्या नियमांनी ठरावीक उद्योगांना पावसाच्या पाण्यासाठीही परवाना घेणे भाग पडले. कारखान्याने कोणता माल कुठे ठेवला आहे, पाणी कुठून वाहते आणि ते अडवायला काय केले आहे, हे सारे लिहून ठेवावे लागते. सर्व माल आणि यंत्रे छपराखाली असतील, तर मात्र त्या परवान्यातून सूट मिळू शकते. पावसाने घाणीला स्पर्शच केला नाही, तर शुद्ध करायचे काय?

त्यांची आणखी एक रीत आपण सहज उचलावी अशी आहे. नाली वाहू लागल्यावर पहिल्या अर्ध्या तासात स्वच्छ काचेच्या बरणीत पाणी घेतात आणि रंग, वास, फेस, तेलाचा तवंग व गाळ पाहतात. याला प्रयोगशाळा लागत नाही. बरणीतले पाणी स्वच्छ दिसले म्हणजे धातू नाहीत असे नव्हे; पण घाण दिसली तर आवारात शोध घ्यायलाच हवा.

आपल्याकडे १९७४चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा आहे. विषारी पदार्थ ओढ्यात वा विहिरीत जाऊ देण्यास त्यात मनाई आहे. सांडपाणी सोडणाऱ्या उद्योगांना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अटींसह संमतीपत्र मिळते. सांडपाण्याची आणि पावसाची वाट वेगळी ठेवणे, ही त्यातली नेहमीची अट. तरी मुसळधार पावसाचा फायदा घेऊन टाक्या सोडून दिल्या जातात, अशी तक्रार गावोगावी ऐकू येते. फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे, या अटींची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते आणि ज्याला त्या पाण्याचा उपद्रव होतो, त्याला ती पाहण्याचा हक्क कायद्यानेच दिला आहे.

मृगाआधीची कामे

कारखाने बंद करा, असे मी म्हणणार नाही. माझ्याकडे येणारी कितीतरी कुटुंबे त्यांच्यावरच जगतात. मृगाच्या आधी आपण घराची शाकारणी करतो, तशी आवाराची करावी, एवढेच मागणे आहे.

कारखानदार व गॅरेजवाल्यांसाठी :
१. पिंपे, बॅटऱ्या, कीस आणि गाळ पत्र्याच्या शेडखाली, फरशीवर ठेवा. भोवती वीतभर उंचीचा पक्का बांध घाला.
२. सांडलेले तेल पाण्याने धुऊन नालीत ढकलू नका. भुसा टाकून टिपा आणि तो भुसा वेगळा साठवा.
३. पावसाआधी आवार झाडून घ्या, नाल्या उपसा. उपसलेला गाळ काठावर टाकू नका.

नागरिकांसाठी :
१. औद्योगिक वसाहतीजवळच्या विहिरीचे वा बोअरचे पाणी पिवळट, तेलकट किंवा वासाचे झाले तर पिणे थांबवा. ते स्वयंपाकालाही वापरू नका.
२. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या आणि धातूंची तपासणी करायची आहे, असे स्पष्ट सांगा. भारतीय मानकानुसार एक लिटर पिण्याच्या पाण्यात शिसे ०.०१ आणि क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे.
३. ओढ्यात मासे मेलेले दिसले, तर ते खायला नेऊ नका. तारीख, वेळ आणि ठिकाण लिहून ग्रामपंचायतीला व प्रदूषण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला त्याच दिवशी कळवा. दोन दिवसांनी पाणी वाहून गेलेले असते आणि पुरावाही.