घरांतील एक प्रिंटर आणि तीन संगणकांच्या तीन भाषा

ज्या घरांत पूर्वीं एक संगणक पुरे होई, त्या घरांत आज वडिलांचा विंडोजचा, सुनेचा मॅकचा व कॉलेजांत जाणाऱ्या मुलाचा लिनक्सचा असे तीन संगणक सहज आढळतात. प्रिंटर मात्र एकच असतो, आणि तोहि बहुधा वडिलांच्या मेजावर. एरवीं हें भागतें. परंतु प्रवेशपरीक्षेच्या आदल्या रात्रीं प्रवेशपत्र छापून हवें असतें, पडद्यावर काम पाठविल्याचें दिसतें आणि प्रिंटर ढिम्म हालत नाहीं, तेव्हां दोष कोणाचा यावरून घरांत दोन तट पडतात. त्या रात्रीं वाद न घालतां पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्यावी व ज्या संगणकास प्रिंटर जोडला आहे त्यावरूनच छापावी. खरी चौकशी दुसऱ्या दिवशीं सावकाश करावी.

आमच्या मतें अशा प्रसंगीं प्रिंटर क्वचितच दोषी असतो. संगणकाला त्याचा पत्ता सांपडला काय, तेथें त्यास प्रवेशाची मुभा आहे काय, आणि तो पाठवितो ती भाषा प्रिंटरला कळते काय, असे हे तीन निरनिराळे प्रश्न आहेत. ते एकत्र कालविले कीं गोंधळ माजतो.

ही भाषाभिन्नता जुनी आहे. युनिक्सच्या जगांत दूरच्या प्रिंटरकडे काम धाडण्याची एलपीडी नांवाची रीत होती. विंडोजची रीत निराळी. त्या दोन जगांत दुवा जोडण्याचें काम ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल यांनीं १९९२ सालीं आरंभिलें. तेंच पुढें 'सांबा' या नांवानें प्रसिद्ध झालें. मायकेल स्वीट यांची 'कप्स' ही मुद्रणव्यवस्था १९९९ मध्यें बाहेर आली. ॲपलनें २००२ सालीं ती मॅकमध्यें घेतली व २००७ मध्यें तिचे हक्कच विकत घेतले. म्हणून मुलाचा लिनक्स व सुनेचा मॅक वरून कितीहि वेगळे दिसले, तरी छपाईपुरते ते एकाच घराण्यांतले आहेत. भांडण लागतें तें बहुधा त्यांचें आणि विंडोजचें.

प्रथम प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांनीं चाचणीचें पान काढून पाहावें. तें नीट आलें तर यंत्र निरोगी समजावें. नंतर पत्ता. राउटर प्रिंटरला जो अंकी पत्ता देतो तो कायमचा नसतो. वीज जाऊन आली कीं तो बदलूं शकतो, आणि संगणक मात्र जुन्याच दारावर थापा मारीत बसतो. राउटरमध्यें तो पत्ता प्रिंटरच्या नांवें राखून ठेवला म्हणजे ही पीडा टळते. पाहुण्यांसाठीं ठेवलेल्या वायफायवरून घरचा प्रिंटर बहुधा दिसतच नाहीं. वडिलांचा संगणक निजला असेल तर त्यास तारेनें जोडलेला प्रिंटरहि इतरांपुरता निजलाच. ही साधी गोष्टच सर्वांत अधिक वेळां विसरली जाते.

मुभेचा घोटाळा २०२१ पासून वाढला. त्या वर्षीं विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेंत 'प्रिंटनाइटमेअर' नांवाचें मोठें छिद्र आढळलें. तें बुजवितांना मायक्रोसॉफ्टनें नियम कडक केले, आणि सप्टेंबरच्या सुधारणेनंतर अनेक ठिकाणीं दुसऱ्या संगणकाचा प्रिंटर जोडतांना '११बी' या खुणेनें संपणारी त्रुटी दिसूं लागली. तिजवर रजिस्ट्रींत फेरफार करून संरक्षणच सैल करण्याचा तोडगा सर्रास सांगितला जातो. तो लागू पडतो. पण किल्ली लागत नाहीं म्हणून कुलूपच काढून ठेवण्यासारखा तो उपाय आहे, व आम्हांस तो पसंत नाहीं. प्रिंटर वायफायचा असेल तर प्रत्येक संगणकानें त्याच्याशीं परस्पर व्यवहार करावा हें बरें.

सर्वांत गमतीचा, व कागदाच्या दृष्टीनें सर्वांत महागडा, प्रकार भाषेचा. एक पान छापावयास द्यावें आणि पानांमागून पानें बाहेर पडावींत, प्रत्येकावर एखाददुसरी ओळ अगम्य चिन्हांची! प्रिंटर बिघडला असें समजून लोक तो दुरुस्तीस नेतात. वस्तुतः संगणकानें पोस्टस्क्रिप्टसारख्या भाषेंत आज्ञा धाडलेल्या असतात, आणि ती भाषा न जाणणारा प्रिंटर त्या आज्ञांनाच मजकूर समजून इमानानें छापीत असतो. अशा वेळीं दोन्ही संगणकांवरील रांग रिकामी करावी. एकीकडचीच केली तर तीं पानें पुन्हां सुरू होतात. मग नेमक्या त्याच नमुन्याचा ड्रायव्हर निवडावा. भाषांतर मात्र एकाच ठिकाणीं व्हावें: लिनक्सनें प्रिंटरच्या भाषेंत तयार करून दिलेलें काम विंडोजनें जसेंच्या तसें पुढें द्यावें. मराठी मजकुराच्या जागीं नुसते चौकोन उमटले, तर टंक हरवला आहे असें समजावें व टंक अंतर्भूत केलेली पीडीएफ पाठवावी.

नवा प्रिंटर घ्यावयाचा असल्यास तो ड्रायव्हरवांचून चालणारा पाहावा. ॲपलचें एअरप्रिंट २०१० सालीं व आयपीपी एव्हरीव्हेअर २०१३ सालीं आलें, आणि विंडोजच्या अलीकडच्या आवृत्त्यांनाहि आयपीपीची ही बोली समजते. जुना तारेचा प्रिंटर टाकून देण्याचें कारण नाहीं. सदा चालू राहणाऱ्या एखाद्या लहानशा लिनक्स संगणकास तो जोडून त्यावर कप्स बसविलें, कीं ६३१ क्रमांकाच्या पोर्टवरून तिन्ही संगणक त्याच्याशीं बोलूं शकतात. तें पोर्ट राउटरमधून घराबाहेर मात्र उघडूं नये. २०२४ च्या सप्टेंबरांत कप्सच्या परिवारांतहि छिद्रें सांपडलींच.