डोंगरवाटेवरील रपेट : नवशिक्या स्वारांसाठी प्राथमिक धडे

कोल्हापुरात कावळा नाक्यावर महाराणी ताराराणींचा अश्वारूढ पुतळा दृष्टीस पडतो. घोडदळाच्या बळावर इतिहास घडविलेल्या या भूमीत आज मात्र अनेकांचा घोड्याशी पहिला परिचय सहलीच्या ठिकाणी, भाड्याच्या घोड्यावरच होतो. खासगी मोटारींना बंदी असलेल्या माथेरानमध्ये तर घोडा हे नित्याचे वाहन आहे. नवखा स्वार पूर्वतयारीवाचून डोंगरवाटेला लागतो, ही चिंतेची बाब होय.

पहिला धडा जमिनीवरचा आहे. घोड्याला थेट पाठीमागचे दिसत नाही; अचानक चाहूल लागल्यास तो लाथ झाडतो. म्हणून डाव्या खांद्याच्या बाजूने, हळू बोलत जवळ जावे. स्वार होण्यापूर्वी तंग तपासावा आणि थोडे चालून झाल्यावर पुन्हा पाहावा; तो सैल असल्यास खोगीर एका बाजूस घसरते.

सर्वांत मोठा धोका रिकिबीचा. पाऊल पूर्ण आत गेलेले असताना स्वार पडला, तर पाय अडकतो आणि बिथरलेला घोडा त्याला फरफटत नेतो. यास्तव रिकिबीत केवळ चवडा ठेवावा, टाच खाली दाबावी. चप्पल नको, लहान टाचेचा बंद बूट हवा. लगाम मनगटाला गुंडाळू नये. हनुवटीखाली पट्टा बांधलेले शिरस्त्राण अत्यावश्यक आहे.

चढावर किंचित पुढे झुकावे. उतारावर ताठ बसून भार टाचांवर घ्यावा. तोल सांभाळण्यासाठी घोड्याला मान मोकळी लागते, म्हणून लगाम ओढून धरू नये. दोन घोड्यांत किमान एका घोड्याच्या लांबीचे अंतर असावे. पन्हाळ्याजवळील मसाई पठारासारख्या जांभ्याच्या सड्यांवर, पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडावरून नाल मारलेला खूर सहज घसरतो. अशा वाटा टाळाव्यात. नवशिक्याने कदम चालच पसंत करावी.

घोड्याची निगा हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. लंगडणाऱ्या वा पाठीवर जखम असलेल्या घोड्यावर बसू नये. अशा जनावराकडून काम करून घेणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे.

सहल नेणाऱ्या शिक्षकांनी मुलांना घोड्यावर बसविण्यापूर्वी शिरस्त्राण, तंग आणि रिकीब यांची स्वतः पाहणी करावी, तसेच घोडेवाला लगाम धरून सोबत चालेल याची खात्री करून घ्यावी. पर्यटनस्थळांच्या ग्रामपंचायतींनी घोडेवाल्यांना विश्वासात घेऊन हेच नियम स्थानिक पातळीवर रूढ केल्यास रपेटीचा आनंद निर्धोक होईल.