सदर्न बाप्टिस्ट मंडळ्या: स्त्रियांना मुभा कशाची, मज्जाव कशाला?

संस्था: सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन, अमेरिकेतील सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. स्थापना १८४५, ऑगस्टा (जॉर्जिया). प्रत्येक मंडळी (स्थानिक चर्च) स्वायत्त.

मज्जाव: पाळकपद. कन्व्हेन्शनच्या २०००च्या विश्वासनाम्यानुसार ते फक्त पुरुषांसाठी. आधार: १ तीमथ्य २:१२.

मुभा: संडे स्कूल, गायनवृंद, स्त्रियांचे बायबलवर्ग, मिशनकार्य.

घरात: विश्वासनाम्यातील १९९८ची दुरुस्ती. देवापुढे पती-पत्नीचे मोल सारखे. पत्नीने मात्र पतीच्या नेतृत्वाला अधीन राहावे.

दोन भूमिका
- पूरकतावादी: स्त्री-पुरुषांचे मोल समान, जबाबदाऱ्या वेगळ्या.
- समानतावादी: सर्व पदे दोघांना खुली. आधार: गलती ३:२८.

टप्पे
- १८७३: लॉटी मून मिशनरी म्हणून चीनला. नाताळातील मिशन-दान आजही तिच्या नावे.
- १९१८: वार्षिक अधिवेशनात स्त्रियांना प्रतिनिधित्व.
- १९६४: ॲडी डेव्हिस, पाळकीय दीक्षा मिळालेली पहिली सदर्न बाप्टिस्ट स्त्री (डरहॅम, नॉर्थ कॅरोलायना).
- १९८४: स्त्रियांच्या दीक्षेविरुद्ध ठराव.
- २०२३: स्त्री पाळक नेमल्याने कॅलिफोर्नियातील सॅडलबॅक चर्च कन्व्हेन्शनबाहेर.
- २०२४: स्त्री पाळकांवरील बंदी घटनेतच घालण्याची दुरुस्ती फेटाळली. बाजूने सुमारे ६१ टक्के मते, गरज दोन-तृतीयांशांची.