सहावं की सातवं?

नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी भागांत ज्या सिकलसेलसाठी रक्ततपासण्या होतात, त्या आजाराचं मूळ जनुकातल्या एका अक्षरात आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या ‘एचबीबी’ जनुकात एका ठिकाणी ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो आणि हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. जनुकीय फरकांच्या जागतिक सूचीत या बदलाचा क्रमांक आहे ‘आरएस ३३४’.

सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकावरून मागच्या नोंदी काढाव्यात, तसं या क्रमांकावरून पुष्कळ लांब जाता येतं. अमेरिकेतल्या एनसीबीआय संस्थेच्या ‘आँत्रे’ या शोधयंत्रणेत तो टाका. तिथून जनुकाची नोंद, जनुकावरून प्रथिन, प्रथिनावरून त्रिमिती रचना. ही रचना जरूर पाहावी. ऑक्सिजन सोडून दिलेल्या एका रेणूचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खोबणीत नेमकं अडकलेलं दिसतं. असे रेणू एकमेकांना चिकटत दोऱ्यांसारखे लांबतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आजाराचं कारण इतकं उघड दिसणं विरळाच! १९९१ मध्ये ‘आँत्रे’ सीडीवर मिळायची. डीएनएचे क्रम, प्रथिनं आणि शोधनिबंधांचे सारांश यांना जोडणारे दुवे हीच तेव्हापासून तिची करामत.

मात्र शब्द टाकून शोधताना सावध राहावं लागतं. व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये हा फरक हुडकला. रक्तातल्या प्रथिनात तो सहाव्या स्थानी आहे, आणि पुढची कित्येक वर्षं शोधनिबंधांत सहाच लिहिलं गेलं. जनुकावरून मोजणारे सात म्हणतात, कारण साखळीच्या आरंभी मेथिओनिन असतं आणि प्रथिन घडतानाच ते कापलं जातं. दोन्ही मोजण्या बरोबर. पण नुसतं ‘सात’ टाकणाऱ्याच्या हातून जुने निबंध निसटतात.

बरं, केवळ स्थान धरून शोधलं तरी पंचाईत. तिथेच लायसिन आलं, तर हिमोग्लोबिन-सी तयार होतं. मुख्यतः पश्चिम आफ्रिकेत आढळणारा हा प्रकार निराळा, आणि त्याचा आरएस क्रमांकही निराळा. त्यामुळे सुरुवात आरएस क्रमांकापासून करावी, असं माझं मत. शोधनिबंध चाळताना मात्र सहा आणि सात, दोन्ही टाकावेत.